खाकी कोट आणि दोन गोगलगाई

सयाजी मास्तरांनी दहा वर्षं गोगलगाई जमवल्या, पण एकीलाही कधी सुरी लावली नाही. शंख हातात घ्यायचा, वेढे मोजायचे आणि चिठ्ठी डकवायची, अमुक घराणं! "शंख दाखवा, कूळ सांगतो," असं कराडच्या कॉलेजात मिशीवर ताव देऊन सांगायचे.

गोगलगाई आणून द्यायचा कोयनेकडचा गुंडा. थंडीत कुडकुडतो म्हणून मास्तरांनी त्याला आपला ठिगळाचा खाकी कोट दिला होता. सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला आणि मास्तर तिकडं धावले. दगडांखालून काढलेल्या एका देहावर तोच कोट होता. तोंडावर घोंगडं. ते वर करायची मास्तरांची छाती झाली नाही. "गुंडाच हा," म्हणाले. झालं! मास्तरांच्या शब्दावर चिता पेटली, उशिरा पोचलेल्या गुंडाच्या बायकोनं, राहीबाईनं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

पुढं श्रावणात एका जाणकाराचं पत्र आलं, की नुसत्या शंखावर जाऊ नका, आतली इंद्रियं बघा. "मला शिकवतात लेकाचे!" मास्तर चरफडले, पण कापायला बसले. गुंडानंच आणलेल्या दोघी. शंख इतके सारखे, की सख्ख्या बहिणी म्हणून एकाच बाटलीत ठेवलेल्या. आत बघतात तर मूत्रपिंड वेगळं, जननेंद्रियं वेगळी. बहिणी कसल्या, घराणीच निराळी! एकाच रानात, एकाच पावसात पिढ्यान्‌पिढ्या राहून दोन्ही घराण्यांनी सारखा शंख चढवला होता, एवढंच.

मास्तरांना एकदम तो खाकी कोट आठवला. गुंडा दिलदार गडी. त्या थंडीत त्यानं कोट दुसऱ्या कुणाला दिला नसेल कशावरून? मग गुंडा गेला कुठं? तेव्हापासून भरदुपारी प्रयोगशाळेत मागं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. अंगात कोट, तोंडावर घोंगडं. वळून बघायची भीती वाटायची.

अशात एके सकाळी राहीबाईच डबा घेऊन दारात आली.

"आवं मास्तर, ह्यांनी शेवटच्या गोळा केलेल्या ह्या. मेल्या म्हणून कोनाड्यात ठेवल्या व्हत्या. वरनं पाणी गळलं आन् चालाय लागल्या बगा." तिनं झाकण उघडून डबा पुढं केला. "तवापास्नं जिवाला चैन न्हाई. तुमी त्येंचं तोंड बघितलं व्हतं न्हवं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"नाही, राहीबाई. मी फक्त कोट बघितला."

काठावर चढलेली गोगलगाय तिनं बोटानं हळूच आत ढकलली, झाकण लावलं.

"मग मी आता कुंकू लावू का नको," ती म्हणाली, "तेवढं सांगा, मास्तर."