सोळा हजारांचं घर

“महिन्याची एकूण कमाई किती?”

घरोघरच्या सरकारी पाहणीला आलेल्या बाईंनी दारातूनच विचारलं आणि आमच्या एका खोलीच्या घरात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. खाटेवर माझे होणारे सासू-सासरे चहाचे कप धरून बसले होते. लग्न ठरल्यात जमा होतं.

बाबा एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायचे. आठ हजार मिळायचे, तेही एकही खाडा झाला नाही तर. पाहुण्यांना मात्र त्यांनी लॉन्ड्रीचा मुकादम आहे म्हणून सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने एकदम एवढी मोठी थाप मारली, की ती निभावणं जड जातं. मघापासून त्यांचे कान लाल झाले होते.

“गरिबातल्या गरीब घरांच्या वाट्याला देशाच्या कमाईतलं किती येतं, ते काढतोय आम्ही,” बाई म्हणाल्या. “खालच्या यादीत नाव बसलं, तर औषधांचं कार्डही मिळतं.”

पडद्यामागे मी आणि आई होतो. आईला दम्याचे दोन पंप लागायचे महिन्याला. आम्ही एकच आणायचो. त्या कार्डाची वर्षभर डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होतो. आणि आत्ता खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबून बसली होती.

बाबा हसले. “अहो ताई, मग गरिबांकडे जा की! आमचे सोळा हजार लिहा.”

सासरेही खो खो हसले. बाईंनी एकदा गळक्या पत्र्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि लिहून घेतलं. बाबांनी झोकात सही ठोकली.

पाहुणे होकार देऊन बाहेर पडले, तशी मी मागच्या बोळातून अनवाणी धावले. बाई कोपऱ्यावरच्या दुकानाशी सापडल्या; पाहुणे अजून तिथवर पोचले नव्हते.

“ताई, आठ हजार. सोळा नाही.”

“कळलं होतं गं मला. पण सही त्यांची आहे. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर खोडते. दहा मिनिटं थांबते इथं. मग कागद कचेरीत जातील.”

मी घरी येऊन सांगितलं. बाबा लगेच उठले आणि एका पायात चप्पल सरकवली.

“ते लोक अजून कोपऱ्यावरच बसची वाट बघत असतील,” आई म्हणाली.

“असू देत. लग्न मोडलं तर मोडलं.”

“बसा तुम्ही.”

“अगं, तुझा पंप...”

“आणतोय तेवढ्यात भागवीन. तीस वर्षांत आज पहिल्यांदा चारचौघांत मान वर करून बोललात. मला आत बसून ऐकताना बरं वाटलं.”

मी म्हणायला हवं होतं, की नको मला हे लग्न. पण मुलगा मला आवडला होता. मी तोंड उघडलं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आई कप विसळायला बसली. एक कप झाला की थांबायची, श्वास ओढायची, मग पुढचा उचलायची. मी पुढे झाले, तर तिने नुसता हाताने इशारा केला, राहू दे.

बाबा तसेच उभे होते. दहा मिनिटं होऊन गेल्यावर त्यांनी पायातली चप्पल काढली आणि दाराशी, दुसरीच्या शेजारी नीट लावून ठेवली.