पिवळ्या घराची खिडकी

घरी दोन जिने चढले की सासूबाईंचे गुडघे संपावर जातात. या गावात मात्र त्या माझ्या पुढे. डोंगराच्या अंगावर घरंच घरं, निळी, केशरी, जांभळी, आणि प्रत्येक वळणावर खाली चकाकणारं बंदर. मी धापा टाकतेय आणि यांचा चेहरा नुसता फुललेला.

आम्ही एक पिवळं घर शोधत होतो. सासूबाई सहा वर्षांच्या असताना त्यांच्या आजारी आईने त्यांना मामाबरोबर याच बंदरातून बोटीने पाठवून दिलं. धक्क्यावर येण्याइतकं अंगात बळ नव्हतं, म्हणून माडीच्या खिडकीतून हात हलवीन असं तिने कबूल केलं. बोट निघाली, पिवळं घर दिसलं, खिडकी रिकामी. पुढे ती गेलीच. "कबूल करून आली नाही," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय. ती खिडकी एकदा बघायची, म्हणून हा सगळा प्रवास.

पिवळी घरं सापडली, खंडीभर. प्रत्येकासमोर उभं राहून त्या मान हलवायच्या आणि पुढे सुटायच्या. शेवटी शिडीवरच्या एका रंगाऱ्याने आमच्या उत्साहावर पाणी फिरवलं. इथे म्हणे होडी रंगवून उरलेला रंग घराला लावतात. होडी बदलली की घरही बदलतं. तेव्हाचं पिवळं आज कुठल्याही रंगाचं असेल. मला रडूच आलं, खरं तर पायांमुळे जास्त. सासूबाई म्हणाल्या, मग पाण्यातून बघू, मी पाहिलं होतं तेही पाण्यातूनच.

नावाड्याने आधी आम्हाला किनाऱ्याने हिंडवलं. काळे कडे, त्यांच्या पोटात गुहा, आत शिरून धडाधड आपटणाऱ्या लाटा. तोंडावर खारं पाणी उडालं की आम्ही दोघी खिदळत होतो. मग होडीने टोकाला वळसा घातला आणि अख्खं गाव एकदम समोर उभं राहिलं. मी आ वासून बघत बसले. सासूबाई ताडकन उठल्या, होडी डुलली, नावाडी करवादला.

"ते बघ. दोन धुराड्यांच्या मधलं, अरुंद."

ते आता हिरवंगार होतं.

मला वाटलं, दोघी जाऊ. पण त्यांनी मला धक्क्यावर उतरवलं आणि स्वतः होडीतच राहिल्या. वर जा, त्या खिडकीत उभी राहून हात हलव, बोटी वळतात तिथे मी थांबते, असा हुकूम सुटला. सुनेला पळवायची संधी सोडतील तर त्या सासू कसल्या!

मी पळाले, अगदी जीव खाऊन. हिरव्या घरातली बाई इस्त्री करत होती. माझं धापा टाकत सांगितलेलं तिला अर्धंमुर्धंच कळलं असेल, पण तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि मला माडीवर नेलं. खिडकीतून सगळं बंदर दिसत होतं आणि दूर उन्हात आमची होडी. लाल टोपीतल्या सासूबाई स्पष्ट ओळखू येत होत्या. मी दोन्ही हात हलवले. इस्त्रीवालीनेही हलवले. फोन वाजला.

"पोचलीस का गं?"

"कधीची. हात हलवतेय."

"काळा चौकोन दिसतोय नुसता. आत कोणीच दिसत नाही."

"पण तुम्ही मला दिसताय. टोपीसकट."

दूर होडीत लाल टोपी खिडकीच्या दिशेने वर झाली.

"म्हणजे ती आली होती," त्या म्हणाल्या.

मग होडीत उभ्या राहून त्यांनी खिडकीकडे हात हलवायला सुरुवात केली. नावाडी त्यांना खाली बसवायला बघत होता, आणि त्या काही बसत नव्हत्या.