चढावर खरी ठरलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. गुरे बांधण्याची नव्हे, जमीन मोजण्याची. माझी जन्मवेळची लांबी तेहेतीस फूट. तिचे सोळा सारखे भाग असून प्रत्येक भागाला आणा म्हणत. भोरच्या एका लोहाराने मला घडवले आणि चिमाजी नावाच्या नकाशेवाल्याने मला घरी नेले. शेते मोजून वाटणीचे नकाशे काढून देणे हा त्या घराचा धंदा; त्याचे छोटे दुकानही होते. चिमाजींनंतर मी त्यांच्या मुलाच्या, सावळारामांच्या, खांद्यावर आले.

चाळीस वर्षे मला काट्याकुट्यांतून ओढले गेले. कामथडीच्या सपाट रानात गडी मला ताणत, वेल्ह्याच्या चढावर हिसडत. दर खंडेनवमीला मला चिंचेने घासून हळदकुंकू वाहिले जाई. पूजा झाली चाळीस वेळा. लांबी तपासली गेली शून्य वेळा. देवाला कोणी फूटपट्टी लावत नाही, हे मान्य. पण मी देव नव्हते.

१९६६ साली सावळारामांचा मुलगा ज्ञानू पुण्याहून मोजणीचे शिक्षण पुरे करून आला. सोबत मीटरच्या खुणांची पोलादी टेप.

"आबा, फूट गेले, आणे गेले. ही साखळी आता मोडीत काढा."

"आदी त्या टेपला चिखल लागू दे," सावळाराम म्हणाले, "मग तोंड उघड."

चिखल आठवड्यातच लागला. वेल्ह्याकडच्या एका वाडीत बाजीरावांचे शेत चढावर होते आणि त्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या चुलतभावाचे, जगनचे. सावळारामांच्या नकाशात बाजीरावांच्या शेताची लांबी होती वीस साखळ्या, म्हणजे दोनशे एक मीटर. जगनच्या मागणीवरून ज्ञानूने जमिनीलगत टेप टाकून मोजले, तर दोनशे चार भरले.

जगन बांधावर उभा राहून ओरडला, "बगा! माजं तीन मीटर ह्यानं गिळलं. बांध खाली घ्या!"

"त्या तीन मीटरात माजा फणस हाय," बाजीराव म्हणाले. "तुजं रान मोज की आदी!"

"माजं कशाला? माजं कमीच हाय. मला ठावं हाय."

सावळारामांचा चेहरा उतरला. हा नकाशा खोटा ठरला, तर बापाच्या वेळेपासूनचे सगळे नकाशे संशयात येणार होते.

"माजा नकाशा चुकला आसंल," ते हळूच म्हणाले, "तर दुकानाच्या फळ्या कायमच्या लावतो."

नकाशांवर शाई चढवणारी त्यांची मुलगी रतन त्या दिवशी बरोबर आली होती. टेपसोबत मिळालेली पुस्तिका ती बांधावर बसून वाचत होती.

"दादा, हे वाचलंस का नुसतंच आणलंस? नकाशात आडवं अंतर धरत्यात, म्हणून चढावर टेप आडवी धरायची असती."

मग टेप आडवी धरून, टोकाला ओळंबा सोडून, पायरी-पायरीने पुन्हा मोजणी झाली. दोनशे एक!

सावळारामांनी मला गळ्यातच घातले. "पोलादाला काय कळतंय! माजी साखळी खोटं बोलत न्हाई!"

इतकी मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नव्हती. ती फार वेळ टिकली नाही.

"पण आबा," रतन म्हणाली, "तुमीबी साखळी जमिनीलगतच टाकली व्हती ना? मग ती बरोबर कशी आली?"

खालच्या सपाट रस्त्यावर मला टेपशेजारी ताणून ठेवण्यात आले. मी सहा इंच जास्त भरले. माझ्या कड्या झिजून मी लांबले होते. लांबलेल्या साखळीने अंतर कमी भरते. उतारालगत मोजले की ते जास्त भरते. त्या दहा अंशांच्या चढावर दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले होते. बांध राहिला, फणसही राहिला. बाजीरावांनी याला देवाची करणी म्हटले. मी योगायोग म्हणते.

पण कामथडीला चढ नव्हता. तिथल्या नकाशांत एकटी माझीच चूक उरली होती.

"कुणाला कळतंय, आबा?" ज्ञानू म्हणाला.

"मला कळलंय की."

दुसऱ्या दिवशी सावळाराम मला घेऊन एसटीने कामथडीला गेले आणि गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहिले.

"गेनबा, माजी साखळी लांबली व्हती. तुमचं रान शंभर गुंठं लिवलं, ते एकशे तीन हाय."

गेनबांचे डोळे चमकले. "म्हंजी जमीन वाडली?"

"जमीन हाय तेवडीच. आकडा वाडला."

"आन् भावाच्या वाटणीचा?"

"त्याचाबी. त्याच हिशेबानं."

गेनबा मटकन ओट्यावर बसले. "मग काय उपेग, सावळाराम तात्या?" मग उठून म्हणाले, "च्या घ्या. आन् आमच्या शेजारच्या सोपानचंबी रान मोजून द्या, त्यो कवाचा मागं लागलाय. सोताची चूक सांगाया यष्टीनं आलेला माणूस म्या पयल्यांदाच बगितला."

सोपानचे रान ज्ञानूच्या टेपने मोजले गेले. नकाशावर शाई रतनने चढवली. सही सावळारामांची. मी आता दुकानातल्या खुंटीवर असते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, त्यांना गंजू देऊ नका. पण वर्षातून एकदा त्यांना तपासूनही पाहा. तीही मायाच आहे. आणि नव्या वस्तूंना यातून सूट देऊ नका. ती पोलादी टेप उन्हात किंचित लांबते. तिने हे अजून कोणाला सांगितलेले नाही.