रिकामी खाच

"सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "भंगारात निघालेल्या विमानाची कसली एवढी सरबराई?"

"पाना सापडला की करते," मास्तरीण म्हणाली आणि शिडीवरून खाली न बघताच तिने विमानाच्या शेपटाकडचं दुसरं झाकण उघडायला घेतलं.

तिने आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. सत्तावीस वर्षं विमानांची दुरुस्ती केली होती. पण शाळेत पोरांची घ्यावी तशी ती रोज हत्यारांची हजेरी घ्यायची, म्हणून हँगरमध्ये तिला हेच नाव पडलं. लाल फळीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली होती. काम संपलं की एकूण एक हत्यार आपापल्या खाचेत परत. एक जरी खाच रिकामी दिसली, तरी विमान जागचं हलायचं नाही. विसरलेला पाना आत कुठे घरंगळला आणि शेपटाच्या तारांत अडकला, तर वैमानिकाने जीव खाऊन ओढलं तरी नाक वर व्हायचं नाही. आज दुपारी दीड वाजता ओळीतली सगळ्यात धाकटी खाच रिकामी होती.

विमान पन्नास आसनांचं, उंच माणसाला दारातच वाकायला लावणारं. कंपनीकडे अशी एकोणीस होती. मग वरून 'ताफ्याची पुनर्रचना' आली, म्हणजे लहान विमानं मोडीत, मोठी विमानं मोठ्या शहरांना, आणि हे हँगर बंद. हे शेवटचं. दोन वैमानिक ते रिकामंच उडवत नेऊन मोडायच्या आवारात सोडणार होते.

हँगरमधल्या अकरा जणांपैकी चौघांना मुख्य तळावर, मोठ्या विमानांवर घेणार होते. चौथं नाव तिचं आहे, हे साहेबांनी सकाळीच हळूच सांगितलं होतं. वर, "फक्त आजची पाठवणी वेळेत होऊ दे," हेही सांगितलं होतं. घरी थोरलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती आणि नवऱ्याचे गुडघे नवऱ्याच्या आधीच निवृत्त झाले होते. सकाळपासून मास्तरणीने मनातल्या मनात नव्या तळाजवळ एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती. खिडकीवाली.

"तीनला यादी पाठवायचीय मला," साहेबांनी खालून घड्याळ दाखवलं. "विमान हललं नाही, तर तुमचं नाव कुठल्या तोंडाने पाठवू?"

"याच तोंडाने पाठवा. चांगलं आहे की."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. माणूस वाईट नव्हता. वरून त्याला फोनवर फोन येत होते, एवढंच.

"अहो, आत दोनच माणसं बसणार आहेत!"

"दोन कमी वाटतात का तुम्हाला?"

कालच्या हजेरीला पाना खाचेत होता, पण त्यानंतर तो पुन्हा कुणी काढून विमानात नेला का, हे कुणीच खात्रीने सांगेना. तो शेवटचा वापरला होता दादांनी. दादा कालच निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरची ही पहिली दुपार, त्यामुळे फोन नुसता वाजत होता. मास्तरीण हातातला दिवा आणि काडीवरचा आरसा घेऊन झाकणामागून झाकण तपासत गेली. मग आसनांखालच्या फळ्या. तिथे एक केसांची पिन सापडली, पेन्सिलीचं थोटूक सापडलं, कुणा लेकराचा एक मोजा सापडला. पाना नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी साहेब शिडीपाशी आले. "गेली यादी," ते म्हणाले. "तीनच नावं."

तिचा हात थांबला. मनातली खिडकीवाली खोली तिने सोडली.

"बरं," ती म्हणाली. "जरा तो मोठा दिवा वर द्या."

साहेबांनी दिवा वर दिला.

साडेतीनला फाटकाशी स्कूटर थांबली. दादा डोक्यावरचं हेल्मेटही न काढता धावत आले. हातात रुमाल, रुमालात पाना.

"तुझे चौदा फोन! हिने हलवून उठवलं," दादांना धाप लागली होती. "काल हजेरी झाल्यावर काढून घेतला गं. आठवण म्हणून. म्हटलं, विमानच चाललंय मोडायला, पान्याला आता कोण विचारतंय?"

"मी विचारते, दादा."

तिच्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात याच दादांनी एका पेचकसासाठी भरलेलं विमान दोन तास अडवलं होतं. तेव्हा ती रडली होती. आज दादा शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले.

"बघा!" साहेब उसळले. "विमानात नव्हताच तो! उगाच दोन तास घातलेत."

"नव्हता ते आता कळलं. मगाशी कुणाला माहीत होतं?"

तिने पान्यावर कोरलेला नंबर वाचला, फळीवरच्या नंबराशी ताडला आणि पाना खाचेत ठेवला. दादा झाकणं लावायला उठले.

"बसा," ती म्हणाली. "तुमची सही काल संपली, दादा. हात नाही लावायचा." मग आवाज उतरवून, "पाणी आणा मला. सकाळपासून प्यायले नाही."

एकेक झाकण तिने स्वतः लावलं. पुन्हा हजेरी घेतली. साडेचारला सही केली, नेहमीसारखी, घाई न करता.

कॅप्टन बॅग घेऊन थेट दाराच्या पायऱ्यांकडे निघाले होते.

"कॅप्टन, फेरी?" तिने हाक मारली. उड्डाणाआधी वैमानिकाने विमानाभोवती एक फेरी मारून सगळं डोळ्यांखालून घालायचं असतं.

"आज कसली फेरी, मास्तरीणबाई! आधीच उशीर झालाय. तुम्ही तर त्याची आतडी बाहेर काढून बघितलीत. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"विश्वास असू द्या. मी माझं बघितलं, तुम्ही तुमचं बघा."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. बॅग खाली ठेवली.

ते पुढे, ती एक पाऊल मागे. त्यांनी टायर बुटाने दाबून पाहिला, वाकून चाकाच्या खोबणीत डोकावले, उजव्या पंखाच्या कडेवरून हात फिरवत गेले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली. शेपटापाशी कॅप्टन थांबले. तिथे कंपनीचं नाव उन्हापावसाने पुसट झालं होतं.

"इथला रंग उडालाय," ते म्हणाले.

"माहीत आहे," मास्तरीण म्हणाली. "चला पुढे. डावा पंख राहिलाय."