बोट चारला हवी

आमच्या सरोवरकाठच्या म्वान्झा शहरात सूर्य उगवला की तास मोजायचे. उगवून चार तास झाले, की चार वाजले. जन्मभर मी असेच मोजलेत. पण कीबोर्डसमोर बसले की मी मेली इंग्रजी घड्याळाने चालते, मध्यरात्रीपासून मोजते!

रुग्णबोट बोलवायचं आमचं ॲप त्या दिवशी बेटांवर सुरू झालं. काही चुकीचं भरलं की पडद्यावर दिसणारे संदेश मी लिहिले होते. "आटोपशीर लिही गं, मिंझा," आमचे साहेब म्तेसिग्वा म्हणाले होते. लिहिले आटोपशीर.

सकाळीच फोन आला. बेटावरच्या दवाखान्यातल्या नर्स, बी काबुला. ('बी' म्हणजे आमच्याकडे 'बाई'.)

"पोरी, तुझं यंत्र लाल होतंय! 'अवैध नोंद' म्हणतंय. इथे मूल आडवं आलंय. बाईला खाटेवरून धक्क्यावर आणतायत, बोट चारला हवी. तीनदा चार टाकले!"

मी ताडकन उठले. अगं बाई! यंत्राने पहाटेचे चार धरले, आणि पहाट उलटली म्हणून हाकलून लावलं!

"बी, दहा टाका! चारच्या जागी दहा!"

"वेडी का काय? दहाला दिवस कलतो. तोवर बाई राहील का?"

"यंत्राचं घड्याळ निराळं आहे, बी! आपले सकाळचे चार म्हणजे त्याचे दहा. माझ्यावर विश्वास ठेवा, टाका!"

पडदा हिरवा झाला. नकाशावर बोटीचा ठिपका हलला आणि मी अशी किंचाळले, की साहेबांच्या हातातला चहा सांडला.

लगेच संदेश बदलायला बसले. 'तुम्ही ४ लिहिलंत. आम्ही पहाट समजलो. सकाळचे चार का? हो / नाही.'

"एवढं लांबलचक?" साहेब कुरकुरले.

"असू दे लांब!" मी म्हटलं.

दुपारी पुन्हा बी काबुलांचा फोन.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप."

मी टेबलावर थाप मारली. "बी, तुम्ही वेळेवर फोन केलात म्हणून!"

त्या हळूच म्हणाल्या, "वेळेवर कुठला गं? वीस मिनिटं नुसती बसून होते. बावीस वर्षं बाळंतपणं केली, आणि त्या लाल अक्षरांपुढे वाटलं, आपल्यालाच काही येत नाही. फोन करायची लाज वाटली."

मी फोन ठेवला आणि संदेशाच्या अगदी वर लिहिलं: 'चूक आमची आहे. लगेच फोन करा.' खाली माझा नंबर टाकला.

साहेबांनी वाचलं. त्याच्याखाली स्वतःचाही नंबर जोडला.