भुकटीचा खोकला

नूतनने तांदळाच्या भाकरीचे दोन तुकडे मोडून बशीत ठेवले आणि पेल्यांत कोकमाचं सरबत ओतलं. टाळेबंदीत पाव मिळेना, मग द्राक्षरस कुठून आणायचा? घरात असेल त्यावर प्रभुभोजन घ्या, असं चर्चच्या पाळकांनीच सांगितलं होतं. मोबाइल पाटावर ठेवलेला. पेण-रोह्याची वीसेक कुटुंबं एकाच फोनवर जोडलेली.

"ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा," फोनमधून पाळक म्हणाले. "मगच भाकरीला हात लावावा."

तिच्या नवऱ्यानं, पुंडलिकने, आपला तुकडा पुन्हा बशीत ठेवला. सलग तिसरा रविवार.

"कोणाशी वाकडं हाय तुमचं?" नूतनने हळूच विचारलं.

"त्याला ठाऊकच नाय गो," म्हणत तो उठला. मास्क लावून मागच्या दारानं कुंपणापाशी गेला.

शेजारचा जगन गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायचा. हंगामभर प्लास्टरची पांढरी भुकटी नाकातोंडात जायची आणि दर वर्षी तो असाच खोकायचा. पुंडलिकला हे वीस वर्षं माहीत. पण गेल्या महिन्यात भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला आणि नूतनच्या दम्याच्या काळजीनं त्याची मती फिरली. नाव न सांगता त्यानं नगरपालिकेत फोन केला. रुग्णवाहिका आली, सगळी आळी दारात जमली, जगनला चौदा दिवस रोह्याला नेऊन ठेवलं. तपासणीत काहीच निघालं नाही. पुंडलिक तसा देवभीरू माणूस. पण कबूल करायची वेळ आली की देवापेक्षा शेजाऱ्याचीच भीती जास्त वाटते.

जगन ओट्यावर बसून एका लहान मूर्तीचा हात घासत होता. काम घरी आणलं होतं.

"जगन, तो फोन मी केलेला."

"कुठला फोन, काका?"

"तुझ्या खोकल्याचा. भुकटीचा हाय ते मला ठाऊक होतं. तरी घाबरलो. माफी मागायला आलोय. शिव्या दिल्यास तरी ऐकून घेईन."

जगनने शिव्या दिल्या नाहीत. मूर्ती जपून खाली ठेवली आणि आपले हात पुसत राहिला. पुंडलिकला त्यापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

"मला वाटलं, समोरच्या गुणाजीनं केला," जगन शेवटी म्हणाला. "रुग्णवाहिका आली तवा तोच पहिला दारात होता. तवापासून बोलणं टाकलंय मी. परवा त्याची आई गेली. खांद्याला चौघं मिळत नव्हते. दोनदा हाक मारली त्यानं. मी दार लावून बसलो."

पुंडलिक कुंपण धरून उभा राहिला. आपल्या गप्प राहण्यानं हेही घडलं असेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

जगनने चपला घातल्या, मास्क चढवला आणि फाटक उघडून उभा राहिला.

"चला, काका. गुणाजी घरातच असंल."

"मी काय तोंडानं सांगू त्याला?"

"तुम्ही फोनचं सांगा," जगन म्हणाला. "मग दाराचं मी सांगतो."