विहिरीकडे की चुलीकडे

लोखंडी टाकीच्या अंगावर पांढऱ्या रेघा होत्या, दर पाच सेंटिमीटरला एक. गेल्या गुरुवारी टाकी गॅसने सातव्या रेघेपर्यंत वर आली होती. आज तिसरीही पुरती दिसत नव्हती. हेमावतीने वाकून पुन्हा पाहिलं आणि वहीत 'तेरा' लिहिलं.

"टाकी रुसली काय, अक्का?" महादेवने विचारलं. त्याचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते.

"शेण कोण कालवतं सध्या?"

"मीच की. सोना आठ दिवस माहेरी होती, अळणावरला. आत्ता सकाळच्या बसनं आली."

हेमावती धारवाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवी आणि दर गुरुवारी टाक्या तपासायला या गावात येई. डिझेल, रॉकेल दोन्ही महागल्यावर परदेशी मदतीतून गावातल्या दहा घरांना गोबरगॅसच्या टाक्या मिळाल्या होत्या. त्यांतली ही एक. पण नळी एकाच बाजूला पुरणार होती. गॅसही तेवढाच: विहिरीवरचं इंजिन तासभर चालेल, नाहीतर दोन्ही वेळचा स्वयंपाक होईल. सहा आठवडे नळी गोठ्याच्या भिंतीला टेकून होती आणि गॅस हवेत सोडावा लागत होता. महादेव दर वेळी "बघू" म्हणे. सोमवारी मदत देणारे पाहुणे येणार होते. तोवर अर्जातली 'गॅस कशासाठी' ही जागा कोरी राहिली, तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार होती.

"पाणी किती घातलंस?"

"भिजेल एवढं. शेणाला काय मोजमाप?"

"भाकरीलाही नव्हतं!" आतून त्याची आई भागीरथी म्हणाली. "आठ दिवस ह्याच्या हातची खाल्ली, अक्का. कुत्र्यानं नुसती हुंगून सोडली."

"तू तर दोन-दोन खात होतीस, अव्वा."

"भूक लागल्यावर काय करणार?"

महादेव हसला आणि दंडाने डोळे पुसू लागला. आठ दिवस चूल फुंकून ते लालभडक झाले होते.

सोनाबाई पदर खोचून बाहेर आली. तिने बांबू घेऊन शेण ओतायच्या तोंडात घातला, दोनदा ढोसला. आत घट्ट गोळा अडकला होता. तिने बादलीभर शेणाला बादलीभर पाणी घेतलं, गुठळ्या बोटांनी फोडल्या, काड्या वेचून टाकल्या. कालवण डोशाच्या पिठासारखं झाल्यावर आत सोडलं. ते गुळगुळ आवाज करत खाली गेलं.

"बघितलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

ती वर पाहत होती तेव्हा हेमावतीच्या लक्षात आलं, तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग खरोखरच पांढरा आहे. सहा आठवड्यांत तो असा कधी दिसला नव्हता.

हेमावतीने पिशवीतून अर्ज काढला.

"महादेव, सोमवार जवळ आला. इंजिन लिहू?"

त्याने विहिरीकडे पाहिलं. डिझेलचा रिकामा डबा तिथेच आडवा पडला होता. मग तो चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या दाराकडे पाहत राहिला.

"तिला विचारा," तो म्हणाला. "राबते ती."

सोनाबाईने हात धुतले. सावकाश, एकेक बोट. हेमावती पेन धरून थांबली.

"चूल लिहा," सोनाबाई म्हणाली. मग सासूलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "नळी चुलीकडे घ्यायची."